तुम्ही विचारलंत म्हणून: 1916 च्या फुटबॉल मॅचमध्ये कंबरलंड कॉलेज जॉर्जिया टेककडून 222-0 ने हरलं, ते खरं आहे का?

हो, खरं आहे. मी टेनेसीत लेबनन गावात राहतो, नॅशव्हिलपासून जवळच, आणि इथल्या कंबरलंड कॉलेजचं नाव निघालं की पुण्याहून आलेले पाहुणे असोत नाहीतर ऑफिसातले लोक, प्रश्न ठरलेला, एवढं हरायला ती पोरं गेलीच कशाला? (फुटबॉल म्हणजे अमेरिकन हां, हातात घेऊन पळतात तो.)

अहो, टीमच नव्हती तेव्हा! 1916 च्या सीझनआधीच कॉलेजने फुटबॉल बंद केला होता, पण अटलांटाच्या जॉर्जिया टेक या कॉलेजशी मॅच ठरून बसलेली, त्यांचे कोच जॉन हाइझमन ती सोडायला तयार नाहीत आणि गेलो नाही तर 3000 डॉलर दंड, छोट्या कॉलेजने तेव्हा एवढे पैसे आणायचे कुठून. मग जॉर्ज अ‍ॅलन नावाच्या विद्यार्थ्याने लॉची पोरं, फ्रॅटर्निटीतले (म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या क्लबमधले) मित्र, जो मिळेल तो पकडला आणि ट्रेनने अटलांटा गाठलं. 7 ऑक्टोबरची मॅच, हाफटाइमलाच 126-0, दुसऱ्या हाफचा वेळ कमी केला तरी शेवटी टेकचे 32 टचडाउन (बॉल घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे गेलं की टचडाउन). पण पोरं शेवटपर्यंत मैदानावर राहिली आणि कॉलेजचा दंड वाचला.

हाइझमनना राग होता बेसबॉलचा. त्याच वर्षी कंबरलंडने टेकला 22-0 हरवलेलं, तेही म्हणे बाहेरचे प्रोफेशनल खेळाडू घेऊन. असेल खरं, चूकच ती, पण ज्यातल्या कित्येकांना धड खेळताही येत नव्हतं त्या पोरांवर असा राग काढणं मला आजही पटत नाही.

आणि मला वाईट याचं वाटतं की 1903 बद्दल कोणीच विचारत नाही. त्या वर्षी याच कॉलेजने व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीला हरवलं, पुढे पाच दिवसांत अलाबामा (44-0!), एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) आणि टुलेन, या तिन्ही युनिव्हर्सिटींच्या टीमना लोळवलं, आणि सीझनच्या शेवटी माँटगोमेरीला क्लेमसन कॉलेजशी 11-11 बरोबरी केली. क्लेमसनचे कोच कोण होते माहितीय? हेच हाइझमन.

कंबरलंडची टीम नंतर सुरू झाली, परत बंद पडली, 1990 ला पुन्हा उभी राहिली. आता शनिवारी घरची मॅच असली की मी जातो. तुम्ही इकडे आलात तर ऑक्टोबरात या, आपण मिळून जाऊ.