सातची ओळ तीनदा

परवा रात्री झोप येईना, म्हणून चौकटीच्या वहीत एक गुणाकार मांडला. वर 761838257287, खाली 193707721. उत्तर माहीत होतं: 147573952589676412927, म्हणजे दोनाचा सदुसष्टावा घात वजा एक. एकं दहं म्हणत परार्धापर्यंत गेलं तरी अठराच अंक होतात. ही संख्या एकवीस अंकी. ती हाताने जमते का, एवढंच बघायचं होतं.

या संख्येने भल्याभल्यांना फसवलंय. मर्सेन या फ्रेंच गणितज्ञाने 1644 साली तिला मूळ संख्यांच्या यादीत बसवलं. ती मूळ नाही, संयुक्त आहे, हे 1876 मध्ये ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलं, पण तिचा एकही अवयव न सांगता! मला कोड्यात टाकतं ते हे. एखादी वस्तू दोन तुकड्यांची आहे याची खात्री आहे, पण सांधा मात्र कुठेच दिसत नाही. ल्यूकाची रीत अशी: भाग देऊन न बघता, संख्येला एका कसोटीतून गाळून शेवटी काय उरतं ते पाहायचं. शून्य उरलं नाही तर ती मूळ नव्हे. ही कसोटी तुकड्यांबद्दल अवाक्षर काढत नाही.

सांधा सापडायला पुढे सत्तावीस वर्षं गेली. 31 ऑक्टोबर 1903 रोजी फ्रँक नेल्सन कोल हे अमेरिकन गणितज्ञ न्यूयॉर्कच्या गणितज्ञांच्या सभेत फळ्यापाशी गेले. एका बाजूला दोनाचा घात काढून एक वजा केला, दुसऱ्या बाजूला हाच माझ्या वहीतला गुणाकार केला, आणि एक शब्द न बोलता जागेवर जाऊन बसले, असं सांगतात. किती वेळ लागला विचारल्यावर म्हणे 'तीन वर्षांचे रविवार' असं उत्तर मिळालं. गोष्ट थोडी घासूनपुसून लख्ख केलेली असणार, पण अवयव खरे आहेत. या संख्येचा कुठलाही मूळ अवयव 134 च्या पटीहून एकानेच मोठा असावा लागतो. लहान अवयव 19,37,07,721 हा त्या रांगेत 14,45,580 वा! कोल यांनी अर्थातच एकेक भाजक घासून पाहिला नाही, नाहीतर रविवार पुरले नसते.

तर माझा गुणाकार. खालच्या संख्येत सात तीनदा येतो. सातची ओळ एकदाच करायची, 5332867801009, आणि पुढे सरकवून तीनदा उतरवायची. एकाच्या ओळी तर नुसत्या नकलाच. खरे कष्ट दोन, तीन आणि नऊचे. तेही निभावले. मग बेरजेला बसलो, आणि हातच्यांनी जीव काढला.

उत्तर आलं. नऊचा ताळा म्हणून अंकांची बेरीज करत एका अंकावर आलो. दोन्ही अवयवांचा एक, उत्तराचाही एक. वा! तरी अकराचा ताळाही करून पाहिला, उजवीकडून एक अंक अधिक, पुढचा वजा. अकराने भागल्यावर अवयवांचे शेष नऊ आणि आठ, म्हणजे गुणाकाराचा सहा यायला हवा. माझा आठ आला. बराच वेळ शोधल्यावर दिसलं, की स्वच्छ प्रत करताना 412 च्या जागी 421 लिहिलंय. नऊच्या ताळ्याला अंकांची अदलाबदल कळतच नाही. चूक आहे हे अकराने सांगितलं. ती कुठे आहे ते मात्र त्यानेही सांगितलं नाही.

अवयव न सापडताच संख्या संयुक्त ठरणं हे पुढे फार मोठ्या आकड्यांपर्यंत जातं. दोनाचा 1,67,77,216 वा घात अधिक एक ही पन्नास लाखांहून जास्त अंकांची संख्या. 1999 मध्ये ती संयुक्त ठरली, तेव्हाही हातात एकसुद्धा अवयव नव्हता.

शेवटी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तोच गुणाकार केला. त्याने सुरुवातीचे थोडे अंक दाखवले आणि बाकीचे दहाच्या घातात गुंडाळून टाकले. शेवटचा सात त्याच्याकडे नव्हताच. मला तो पहिल्याच मिनिटाला मिळाला होता: सात एके सात.