वाघोलीची अंगणवाडी

2021 मध्ये इतर 22 गावांसह पुणे महापालिकेत आलेल्या वाघोलीत उंच सोसायट्यांतील मुले बसने खासगी नर्सरीत जातात. अंगणवाडीत मात्र मराठवाड्यातून आलेल्या मजुरांची, बिहारी गवंड्यांची आणि मूळ गावकऱ्यांपैकी थोड्यांचीच मुले उरतात. 400 ते 800 लोकवस्तीमागे एक अंगणवाडी हा निकष कागदावर ठीक आहे. परंतु बांधकाम संपताच वस्ती हलते आणि पटावरील निम्मी नावे गळतात. दर्जा म्हणजे रंगवलेल्या भिंती नव्हेत (त्या आमच्याकडेही आहेत), तर घरी भोजपुरी बोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलाशी बोलायला सेविकेला मिळणारा वेळ, असे मला वाटते. तो वेळ पोषण आहार, वजनकाटा आणि मोबाइलवरील नोंदी यांतच संपतो.