.३२ बोअरचे जुने पिस्तूल निवडताना: माझा अनुभव

सोलापूर पोलीस आयुक्तालयातून शस्त्र परवाना हातात पडायला अर्जापासून साधारण अकरा महिने लागले. पोलीस ठाण्याची चौकशी, शारीरिक व मानसिक आरोग्याचा दाखला, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शेवटी प्रत्यक्ष मुलाखत हे सगळे टप्पे क्रमाने पार पडले. कागद पूर्ण असतील तर त्यात वेळ जातो, पण अडत काही नाही. खरी कसोटी लागली ती शस्त्र निवडताना.

परवान्यावर ‘पिस्तूल, .३२ बोअर’ अशी नोंद होती; बोअर म्हणजे नळीचे आतले माप. सर्वसामान्य परवानाधारकाला ९ मिलिमीटरसारखी प्रतिबंधित बोअर मिळत नाही, त्यामुळे सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर पुढचे काडतूस आपोआप भरणारे पिस्तूल, घ्यायचे म्हटले की बहुतेकांची गाडी .३२ वर, म्हणजे ७.६५ मिलिमीटरच्या काडतुसावर येऊन थांबते. येथे एक गोष्ट नवख्या माणसाने पक्की लक्षात ठेवावी. .३२ रिव्हॉल्व्हर आणि .३२ पिस्तूल यांची काडतुसे वेगळी असतात. रिव्हॉल्व्हरचे लांबट काडतूस पिस्तुलात चालत नाही. परवान्यावर ‘पिस्तूल’ हा शब्द स्पष्ट आहे की नाही, हे मी कचेरीतून बाहेर पडण्यापूर्वीच दोनदा वाचून घेतले.

नवे घ्यायचे तर सरकारी आयुध निर्माणीचे ‘अशनी’ पिस्तूल समोर होते. ते नवे कोरे मिळते, कागदपत्रे सरळ असतात आणि दुरुस्तीची सोय देशातच आहे. ज्याला केवळ उपयोगाचे शस्त्र हवे आहे त्याने तेच घ्यावे, असे माझे प्रामाणिक मत आहे. माझे मन मात्र जुन्या घडणीवर होते. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे आणि लहानपणापासून मी यंत्रमागांच्या सुट्या भागांत वाढलो. एका अखंड पोलादी तुकड्यातून कातून काढलेला भाग आणि घाईने घडवलेला भाग यांतला फरक हाताला कळतो, आणि तो कळणाऱ्या माणसाला अमेरिकी शस्त्ररचनाकार ब्राउनिंग यांचा १९१० सालचा पिस्तुलाचा आराखडा पाहून आनंद झाल्याशिवाय राहत नाही.

सामान्य परवानाधारकासाठी परदेशी पिस्तुलांची आयात कित्येक दशके बंद आहे. त्यामुळे जी काही कोल्ट, वॉल्थर, वेब्ली अँड स्कॉट किंवा बेल्जियमच्या एफएन कंपनीची पिस्तुले आज देशात फिरतात, ती पूर्वी आलेलीच एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर जात असतात. त्यांच्या किमती लाखांत जातात, आणि त्या बहुतेक वेळा अवस्थेवरून ठरत नाहीत, नावावरून ठरतात. फसगत होते ती येथेच.

माझी स्वतःची होता होता वाचली. पुण्यातील एका विक्रेत्याकडे वॉल्थर पीपीके असल्याचे समजले. पीपी १९२९ साली आणि तिची आखूड आवृत्ती पीपीके १९३१ साली आली; पहिली गोळी नुसता ट्रिगर ओढून झाडता येणे आणि सेफ्टी (गोळी चुकून सुटू न देणारी कळ) खाली केली की ताणलेला हॅमर (आघात करून गोळी झाडणारी हातोडी) सुरक्षितपणे उतरणे, ही त्या काळातील मोठी सुधारणा होती. विक्रेत्याने ‘युद्धापूर्वीचे, मूळ झिलईचे’ असे सांगितले आणि पिस्तूल खरोखर आरशासारखे चमकत होते. माझ्यासोबत पोलीस दलातून निवृत्त झालेले एक आर्मोरर, म्हणजे शस्त्रे तपासणारे व दुरुस्त करणारे कारागीर, होते, ज्यांना आम्ही सगळे जमादार काका म्हणतो. त्यांनी ते खिडकीपाशी नेले, भिंग लावले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला जवळ बोलावून म्हणाले, “मालक, अक्षरं बघा.” स्लाइडवरील, म्हणजे पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागावरील, झेला-मेहलिस या वॉल्थर कारखान्याच्या जर्मन गावाच्या नावाची अक्षरे ठसठशीत असायला हवी होती, ती पुसट, कडा वितळल्यासारखी दिसत होती. पृष्ठभाग जोरात घासून, पॉलिश करून नव्याने ब्लूइंग (पोलादाला गंजापासून जपणारी निळसर-काळी झिलई) केले होते. मुठीच्या पट्ट्या काढून दाखवायला विक्रेता आधी तयार नव्हता. काढल्यावर त्याखाली गंजाने पडलेले खड्डे निघाले. मॅगझिनही (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) मूळचे नव्हते, हाताने घडवलेले होते आणि आत डगडगत होते. वाईट याचे वाटले की विचारल्याशिवाय यांतली एकही गोष्ट आम्हाला सांगितली गेली नाही. आम्ही नमस्कार करून निघालो.

दुसरे पिस्तूल आमच्याच जिल्ह्यात मिळाले. बार्शीकडील एक वयस्कर बागायतदार आपले एफएन मॉडेल १९१०, म्हणजे ब्राउनिंगच्या त्याच आराखड्याचे पिस्तूल, विकायच्या विचारात होते. मुलांपैकी कोणालाही परवाना नको होता. चमक म्हणावी तर काही नव्हती. स्लाइडच्या कडांवर आणि मुठीच्या पुढच्या बाजूस ब्लूइंग झिजून पोलाद करडे दिसत होते, पण ती झीज हाताची व कव्हराची होती, गंजाची नव्हती. काकांनी आधी मॅगझिन काढले, स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीच्या मागचा, काडतूस बसण्याचा कप्पा) रिकामे असल्याची खात्री केली आणि मलाही बोट घालून करायला लावली. मग फ्रेमवरील (खालचा सांगाडा), स्लाइडवरील आणि बॅरलवरील (नळी) नंबर ताडून पाहिले. तिन्ही एकच निघाले, आणि मालकाच्या परवान्यावरील नोंदीशीही जुळले. बॅरलच्या आत टॉर्चचा उजेड सोडल्यावर आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) शेवटपर्यंत धारदार दिसले. चेंबरजवळ एक छोटा काळसर डाग होता, तो त्यांनी किमतीच्या बोलणीसाठी लक्षात ठेवला.

या मॉडेलची रिकॉइल स्प्रिंग (मागे गेलेली स्लाइड पुन्हा पुढे ढकलणारी) बॅरलभोवतीच गुंडाळलेली असते, त्यामुळे पिस्तूल सडपातळ आणि खिशात न अडकणारे झाले आहे. उघडताना मात्र तोंडाजवळची कंगोरेदार कडी दाबून फिरवावी लागते आणि अंगठा निसटला तर ती स्प्रिंगसकट उडते. काकांनी वर रुमाल धरला होता. शेवटी सेफ्टी तपासल्या. मुठीमागची पट्टी न दाबता, मग मॅगझिन बाहेर काढून, आणि मग हाताची सेफ्टी लावून रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढून पाहिला. तिन्ही वेळा आतील स्ट्रायकर (काडतुसाच्या बुडावर आघात करणारी दांडी) जागचा हलला नाही.

त्यानंतर मालकांच्या उपस्थितीत अधिकृत रेंजवर खडकीच्या कारखान्याची काडतुसे झाडून पाहिली. मॅगझिनमध्ये ७ बसतात. दुसऱ्या फेरीत एक काडतूस अडकले, तेव्हा मी निराश झालो, पण दोष पिस्तुलाचा नव्हता. ७.६५ च्या काडतुसाला बुडाशी किंचित बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली तर ती एकमेकांत अडकतात. प्रत्येक काडतूस नीट मागे सरकवून, वरची कड खालच्याच्या पुढे ठेवून भरल्यावर पुढच्या ३ मॅगझिन विनाखंड चालल्या.

व्यवहार कागदावर आणणे सोपे होते, घाई मात्र चालत नाही. एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे शस्त्र देताना आगाऊ लेखी कळवावे लागते; ती मुदत आम्ही काटेकोर पाळली आणि त्यानंतरच पैसे व पिस्तूल यांची देवाणघेवाण झाली. नंबर, बनावट आणि बोअर माझ्या परवान्यावर चढवून घेतल्यावरच मी ते घरी आणले.

एक चूक मात्र माझ्या हातून झालीच. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आदेशाप्रमाणे शस्त्र पोलीस ठाण्यात जमा केले, तेव्हा ते चामड्याच्या कव्हरातच दिले. चामडे ओल धरते हे मला माहीत असायला हवे होते. निकालानंतर परत आणले, तर स्लाइडच्या डाव्या बाजूला, बेल्जियमच्या कारखान्याच्या नावाखाली, बाजरीच्या दाण्याएवढे तांबूस ठिपके उठले होते. काकांनी बारीक तेल लावून, मऊ कापडाने, संपूर्ण दुपार खर्चून ते काढले. घासकागद जवळही येऊ दिला नाही. दोन ठिपक्यांची खूण अजून दिसते. आता ते तेलाने पुसलेल्या सुती कापडात, कुलपाच्या तिजोरीत असते, काडतुसे वेगळ्या कप्प्यात असतात, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ते उघडून पुसतो.