कोल्हापूरहून चेन्नईच्या ट्रॅकवर: शर्यत नसली तरी घ्यायची काळजी

राष्ट्रीय महामार्ग ४८ शिरोलीजवळ धरला आणि तो न सोडता बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर, बंगळूर, कृष्णगिरी, वेल्लोर असे दक्षिणेकडे जात राहिले, की चेन्नईच्या अलीकडे, श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथे मद्रास इंटरनॅशनल सर्किट लागते. अंतर नऊशे किलोमीटरहून थोडे अधिक भरते. १९९० साली सुरू झालेला हा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा असून त्यावर १२ वळणे आहेत. आम्ही कोल्हापूरचे काही मित्र रोजच्या वापरातील गाड्या घेऊन तेथे ट्रॅक-डेसाठी, म्हणजे आपलीच गाडी शर्यतीशिवाय ट्रॅकवर चालवण्याच्या दिवसासाठी, गेलो, आणि पुढे त्याच हंगामात राष्ट्रीय कार शर्यतीची फेरी पाहण्यासाठी प्रेक्षक म्हणूनही गेलो. पहिल्या वेळी निघताना माझ्या मित्राच्या आईंनी विचारले होते, "शर्यत न्हाई न्हवं? मग जावा." शर्यत नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत त्यांच्यापुरती नाही; हौसेने ट्रॅकवर गाडी नेणाऱ्या बहुतेकांची ती असते. तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हा वृत्तांत मुख्यतः त्या समजुतीविषयी आहे.

दोन्ही प्रकारांतील फरक आधी सांगतो. ट्रॅक-डेला कोणीही कोणाशी स्पर्धा करत नाही, निकाल लागत नाही आणि बक्षीस नसते. ओव्हरटेक फक्त ठरवून दिलेल्या सरळ भागांत आणि पुढच्या चालकाने हाताने बाजू दाखवल्यावरच करायचे असते. शर्यतीत मात्र सगळे एकाच वेळी सुटतात, पहिल्या वळणापर्यंत एकमेकांना खेटून जातात आणि जागा मिळेल तेथे आत घुसतात. कोल्हापूरकरांना हे नवे नाही. हुपरी रस्त्यावरील मोहिते यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय पातळीवरच्या कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या, शर्यती झालेल्या आहेत, आणि ब्रिटिश फॉर्म्युला-३ मालिकेत शर्यत जिंकणारे कृष्णराज महाडिक याच शहराचे. कार्टचे उघडे चाक दुसऱ्याच्या चाकाला घासले की मागचा कार्ट कसा उचलला जातो, हे येथे अनेकांनी कुंपणाबाहेर उभे राहून पाहिले आहे. चेन्नईला जाण्यापूर्वी कार्टवर सराव करून जावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण ब्रेक कोठे सोडावा आणि नजर वळणाच्या पुढे कशी ठेवावी, या दोन गोष्टी कार्टवर कमी खर्चात आणि कमी वेगात अंगवळणी पडतात.

शर्यतीच्या फेरीला पहिल्या वळणाजवळ उभे राहिले की धोका कोठून येतो हे सांगावे लागत नाही. गाड्यांची धडक होते ती चालक अडाणी असतात म्हणून नव्हे, तर एका जागेवर दोघांचा दावा असतो म्हणून. याच ट्रॅकवर ८ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय शर्यतीच्या फेरीत ज्येष्ठ चालक के. ई. कुमार यांची गाडी दुसऱ्या स्पर्धकाच्या गाडीला लागून ट्रॅकबाहेर गेली, कुंपणावर आदळून छतावर उलटली, आणि ५९ वर्षांच्या या अनुभवी चालकाचा मृत्यू झाला. तेथे गेल्यावर ही आठवण मनात ठेवूनच वावरावे, असे मला वाटते.

तरीही शर्यतीची सगळी व्यवस्था ही धडक होणारच, असे गृहीत धरून उभारलेली असते. गाडीत छत दबू नये म्हणून पोलादी नळ्यांचा सांगाडा, म्हणजे रोल केज, असतो, शरीर धरून ठेवणारी खोल सीट असते, सहा ठिकाणी जखडलेला पट्टा, म्हणजे सहा टोकांचा हार्नेस, असतो, अग्निशामक असतो आणि बाहेरून वीज तोडणारा स्विच असतो. चालकाच्या अंगावर आग सहज न धरणारा पोशाख असतो, आणि मानेला आधार देणारे हान्स हे उपकरण हेल्मेटला जोडलेले असते. २००१ साली डेटोना येथील शर्यतीत चालक डेल अर्नहार्ट यांचा कवटीच्या तळाचे हाड मोडून मृत्यू झाल्यानंतर अमेरिकेतील नॅस्कार या कार शर्यतींच्या संस्थेने असे उपकरण सक्तीचे केले. फॉर्म्युला वनमध्ये ते २००३ पासून सक्तीचे आहे. याखेरीज परवाना, वैद्यकीय तपासणी आणि शर्यतीपूर्वीची गाडीची तपासणी असते. एका वर्गातल्या गाड्याही साधारण एकाच वेगाच्या असतात.

ट्रॅक-डेला यातले बहुतेक काही नसते आणि वेग मात्र सरळ भागात फारसा कमी नसतो. आमच्या गटात एका बाजूला साधी हॅचबॅक आणि दुसऱ्या बाजूला तिच्या तिप्पट ताकदीची सेदान होती. शर्यतीत शेजारची गाडी जवळ असते, पण तिचा वेग आपल्याइतकाच असतो; येथे ती दूर असते, पण आरशात दिसल्यापासून मागे येऊन ठेपेपर्यंत फार वेळ जात नाही. ताशी १६० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणाऱ्या गाडीत ८० च्या वेगापेक्षा चौपट ऊर्जा असते, आणि चालक स्पर्धा करत होता की हौस भागवत होता, याने तिच्यात काही फरक पडत नाही.

ट्रॅक-डेला अपघात झाला तर तो बहुधा एकट्या गाडीचा असतो. वळणाच्या बाहेरच्या कडेला दोन चाके मातीत उतरतात, चालक घाबरून स्टिअरिंग झटक्याने आत ओढतो, डांबरावर परत आलेल्या पुढच्या चाकांना एकदम पकड मिळते आणि गाडी ट्रॅक ओलांडून समोरच्या कुंपणात जाते. दोन चाके बाहेर गेलीच, तर स्टिअरिंग सरळ ठेवावे, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा आणि गरज पडल्यास चारही चाकांनी बाहेर जावे. तेथे मोकळी जागा त्यासाठीच ठेवलेली असते. ही एक गोष्ट मी माझ्याबरोबरच्या प्रत्येकाकडून निघण्यापूर्वी तोंडी वदवून घेतली होती.

उरलेला धोका आयोजनात असतो. जून २००५ मध्ये कॅलिफोर्नियात एका फेरारी क्लबच्या ट्रॅक-डेला पिट लेनमधून, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबण्याच्या पट्ट्यातून, एक गाडी चुकीच्या क्षणी ट्रॅकवर सोडली गेली, तिला चुकवताना पोर्शे कॅरेरा जीटीवरचा ताबा सुटला, ती काँक्रीटच्या भिंतीवर आदळली आणि चालक बेन कीटन व शेजारी बसलेले कोरी रडल हे दोघेही गेले. तेथे शर्यत नव्हती. पोर्शे सुपरकप मालिकेत त्या वेळी आघाडीवर असलेले शॉन एडवर्ड्स यांचा ऑक्टोबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथे मृत्यू झाला तोही शर्यतीत नव्हे, तर शिकणाऱ्या चालकाच्या शेजारी बसून मार्गदर्शन करताना. म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना चार प्रश्न अवश्य विचारावेत: पिटच्या तोंडाशी गाडी सोडण्यासाठी माणूस उभा असतो का, प्रत्येक वळणावर मार्शल, म्हणजे निशाण दाखवणारा माणूस, असतो का, रुग्णवाहिका व डॉक्टर जागेवर असतात का, आणि गट अनुभवानुसार पाडतात की आलेल्या क्रमाने. पहिल्या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर टाळाटाळीचे वाटले, तर पैसे भरू नयेत. शेजारी मित्राला बसवून फेऱ्या मारण्याची परवानगी असली तरी तो मोह टाळावा. प्रशिक्षक असेल तर गोष्ट वेगळी.

आता गाडीतील फेरफारांविषयी, कारण कोल्हापुरात हा विषय फार जिव्हाळ्याचा आहे. उद्यमनगर या शहरातील कारखान्यांच्या भागात कोणताही भाग घडवून मिळतो, वेल्डिंगचे हात उत्तम आहेत, आणि त्यामुळे ट्रॅकवर जायचे म्हटले की सर्वांत आधी हार्नेस आणि केजचा विचार मनात येतो. यात मोठा घोटाळा आहे. कंपनीने दिलेला तीन टोकांचा बेल्ट, तो आवळणारा प्रीटेन्शनर, एअरबॅग आणि सीट ही सगळी एकमेकांच्या हिशेबाने बेतलेली असतात. त्याऐवजी चार टोकांचा हार्नेस घातला आणि मांड्यांमधून येणारा पट्टा नसला, तर समोरून धडक बसताना शरीर पट्ट्याखालून पुढे सरकते आणि कमरेचा पट्टा पोटात रुततो. छत दबले, तर साध्या बेल्टमध्ये धड थोडे बाजूला कलू शकते, पण हार्नेसने ताठ बांधलेल्या माणसाच्या मानेवर सगळा भार येतो. साधे हान्स दोन्ही खांद्यांवरून येणाऱ्या पट्ट्यांखालीच दाबून बसते, त्यामुळे ते तीन टोकांच्या बेल्टबरोबर निरुपयोगी ठरते. आणि केज बसवलेली गाडी महामार्गावर हेल्मेटशिवाय चालवली, तर साध्या धडकेतही डोके पोलादी नळीवर आपटण्याची भीती असते. वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, ते वेगळेच. जी गाडी कोल्हापूरहून चालवत न्यायची आणि चालवत परत आणायची, ती सुरक्षेच्या बाबतीत पूर्णपणे कंपनीने दिली तशीच ठेवावी. शर्यतीची सामग्री हवी असेल, तर केज, सीट, सहा टोकांचा हार्नेस आणि हान्स हे सगळे एकत्र बसवावे आणि गाडी ट्रेलरवर न्यावी. मधला मार्ग दोन्हींपेक्षा वाईट आहे.

हेल्मेट मात्र चांगलेच घ्यावे. स्नेल संस्थेच्या प्रमाणपत्रात 'एसए' हा वर्ग कारसाठी व 'एम' हा दुचाकीसाठी असतो; कारच्या हेल्मेटची आगीला टिकण्याची चाचणी होते, दुचाकीच्या हेल्मेटची होत नाही. कपडे पूर्ण बाह्यांचे आणि सुती असावेत, कारण कृत्रिम धागा आगीत वितळून कातडीला चिकटतो.

गाडीच्या तयारीत पहिला मान ब्रेकचा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यातून गेलेल्या ऑइलबाबत तर शंकाच नको. डॉट-४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी मानकातली किमान मर्यादा १५५ आहे. ट्रॅकवरच्या तापमानाला ते उकळले, की नळीत वाफ होते आणि पॅडल तळापर्यंत जाते. आमच्या मेस्त्रींनी एका मित्राची गाडी ऑइल बदलल्याशिवाय सोडायचीच नाही असे ठरवले होते, आणि ते सर्वस्वी योग्य होते. पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक असावेत आणि नव्या पॅडचा एक जोड डिकीत असावा. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असली तरी जुनाट टायर ट्रॅकवर नेऊ नये. पायाखालची सुटी चटई, पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरचा मोबाइल हे सगळे काढून ठेवावे, कारण ब्रेकच्या पॅडलखाली गेलेली बाटली नव्या ब्रेकलाही निकामी करते.

विम्याविषयी गैरसमज फार आहेत. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर स्पष्टपणे वगळलेला असतो, त्यामुळे ट्रॅकवर गाडीचे झालेले नुकसान स्वतःच्या खिशातून भरण्याची तयारी नसेल, तर ती गाडी नेऊ नये. वैयक्तिक अपघात विम्यातील साहसी खेळांचे कलमही आधी वाचावे.

प्रवास एका दमात करण्याचा हट्ट धरू नये. २०२२ साली देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, आणि या सहलीतील सर्वांत धोक्याचा भाग ट्रॅक नसून जाता-येताचा महामार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे. बंगळूरला किंवा त्यापुढे कृष्णगिरीला मुक्काम करावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचून नीट झोप घेता येते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात त्या भागात ईशान्य मोसमी पाऊस असतो, हे तारीख निवडताना लक्षात घ्यावे. इतर महिन्यांत दमट उकाडा असतो. डोके जड होऊ लागले की निर्णय चुकू लागतात, म्हणून प्रत्येक सत्रानंतर पाणी व ओआरएस घ्यावे.

सकाळची ब्रीफिंग चुकवू नये आणि निशाणांचा अर्थ तेथे पुन्हा विचारून घ्यावा. पिवळे निशाण दिसले की वेग कमी करायचा आणि ओव्हरटेक बंद. पिवळ्या-लाल पट्ट्यांचे निशाण म्हणजे पुढे ट्रॅक निसरडा. निळे म्हणजे मागे वेगवान गाडी आहे. लाल निशाणाला जागीच थांबायचे की सावकाश पिटमध्ये यायचे, हे आयोजकांकडून स्पष्ट करून घ्यावे. गाडी बंद पडली, तर आग नसेल तोवर बेल्ट लावून आत बसूनच मार्शलची वाट पाहावी. गाडी घसरू लागली की सावरणारी ईएसपी यंत्रणा बंद करू नये. वेळ मोजणारे ॲप सुरू करू नये, कारण आकडा समोर आला की ट्रॅक-डेची शर्यत होते, आणि तीही शर्यतीच्या कोणत्याही संरक्षणाशिवाय. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक थंड होऊ द्यावेत आणि पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवावी. दिवसाचे शेवटचे सत्र मी सोडून दिले, आणि इतरांनीही सोडावे असे सुचवतो. तोवर चालक थकलेला असतो, टायर व ब्रेक झिजलेले असतात आणि आत्मविश्वास मात्र सकाळपेक्षा बराच वाढलेला असतो.

त्याच संध्याकाळी कोल्हापूरची वाट धरू नये. रात्री गाडी पूर्ण थंड झाल्यावर सकाळी चाकांचे नट पान्याने पुन्हा आवळून पाहावेत, पॅडची जाडी मोजावी आणि गरज असल्यास डिकीतला जोड बसवून घ्यावा. ट्रॅकवर टायर तापून हवेचा दाब वाढतो म्हणून मधे हवा सोडलेली असते; थंड टायरमध्ये ती कमी भरते, तेव्हा महामार्गाला लागण्यापूर्वी पहिल्याच पंपावर कंपनीने सांगितलेल्या दाबाइतकी हवा भरून घ्यावी.