कोऱ्या लेबलवर सही

पंचनाम्याच्या शेवटी साधारण एक ठरलेलं वाक्य असतं, ‘सदरचा पंचनामा आमचे समक्ष केला, तो बरोबर व खरा आहे.’ त्याच्या खाली माझी सही आहे, २०१९ सालची, आणि त्या सहीने मला चार वर्षांनी कोर्टात असा घाम फोडला की विचारू नका.

झालं काय, मी सरकारी ऑफिसात क्लार्क आहे, सोलापूर-हैदराबाद रोडवरच्या पट्ट्यात. आमच्याकडे गंभीर गुन्ह्यात पंच म्हणून सरकारी माणूस घ्यायची पद्धत आहे, कारण बाहेरचा पंच कोर्टात फितूर होतो आणि सरकारी माणूस नोकरीच्या भीतीने होत नाही असा हिशोब. फेब्रुवारी महिना, दुपारी साडेतीनला पोलिस स्टेशनचं पत्र आलं, ‘दोन पंच पुरविणेबाबत’. साहेबांनी चष्म्यावरून हॉलभर नजर फिरवली आणि माझ्यावर आणि शिपायावर येऊन थांबले. कायद्यात पंचासाठी शब्द आहेत ‘स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी’. स्वतंत्र किती ते माहीत नाही, प्रतिष्ठित म्हणाल तर त्या दिवशी माझ्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं.

जीपमधून हायवेच्या एका ढाब्यामागे नेलं. तिथे दोघं बसवलेले, एक चाळिशीचा आणि एक मिसरूड फुटलेला पोरगा, आणि मध्ये एक खताचं पोतं. पीएसआय साहेबांनी आम्हाला सांगितलं गांजाची खबर आहे, पंच म्हणून हजर राहाल का, आम्ही हो म्हणालो (नाही म्हणायची सोय फारशी नसते, सबळ कारण नसताना पंच व्हायला नकार देणं हा पण गुन्हाच आहे, हे मला नंतर कळलं). मग पोलिसांनी स्वतःचे खिसे उलटे करून दाखवले, आम्ही पण दाखवले. ही चांगली पद्धत आहे हां, म्हणजे कोणी स्वतःच्या खिशातून काही काढून समोरच्याच्या पिशवीत टाकलं नाही हे दिसावं म्हणून.

त्या दोघांना एकत्रच विचारलं, तुमची झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर घ्यायची का. पोराने चाळिशीवाल्याकडे बघितलं, त्याने मान हलवली, नको. एकाच कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. दोघांच्या खिशात मिळून ३४० रुपये आणि एक एसटीचं तिकीट.

मग पोतं उघडलं. आत खाकी चिकटपट्टीने गुंडाळलेल्या दहा पुड्या. वास असा की शिपाई दोन पावलं मागे सरकला. वजन करायला बाजारपेठेतल्या एका दुकानदाराला इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन बोलावलेलं, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, बिचारा गिऱ्हाईक सोडून आलेला. पुड्या एकेक करून काट्यावर, हवालदार आकडे लिहून घेतोय, बेरीज २१ किलो ४०० ग्रॅम. मग प्रत्येक पुडीला चिरा मारून थोडा थोडा माल पेपरवर काढला, सगळा एकत्र मिसळला आणि त्यातून २४-२४ ग्रॅमची दोन सॅम्पलं. लाख वितळवायला मेणबत्ती पेटवली, वारा इतका की ती चारदा विझली, शेवटी ढाब्याच्या स्टोव्हवर लाख वितळवली. एव्हाना अंधार पडत आलेला, मला साडेसातची शेवटची बस गाठायची होती. हवालदार म्हणाला, तुम्ही लेबलांवर सह्या करून ठेवा, मी चिकटवतो. केल्या. बारा लेबलं, दहा पुड्यांची आणि दोन सॅम्पलची, सगळी कोरी. पंचनाम्याची पानं मी वाचली का? पहिलं वाचलं, दुसऱ्यावर नजर फिरवली, तिसऱ्यावर नुसती सही.

बस मिळाली एवढं खरं.

समन्स आलं २०२३ ला. मधल्या काळात करोना होऊन गेला, माझी बदली होऊन गेली, शिपाई रिटायर झाला. कोर्टात सरकारी वकिलांनी आधी पंचनामा वाचायला दिला तेव्हा मी तो पहिल्यांदा पूर्ण वाचला, हे इथे कबूल करतो. त्यात लिहिलं होतं की ‘सदर इसमांना त्यांच्या हक्काची समज दिली’, की ‘पंचांच्या सह्यांची लेबले जागीच चिकटवून लाखेचे सील केले’. सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांनी मला विचारायचे प्रश्न, दहा मिनिटांत आटोपला. मुद्देमाल समोर आणला, पोत्याची एक बाजू उंदरांनी कुरतडलेली, दोन पुड्यांवरची लाख सुटलेली. ओळखता का? ओळखतो.

मग आरोपीचे वकील उठले. आवाज एकदम मऊ. मला वाटलं होतं ओरडतील.

‘तुम्ही आज बारा लेबलं बघितली, सही तुमचीच ना?’ हो. ‘सही लेबलाच्या कडेच्या पलीकडे पुडीवर कुठे गेलीय का?’ नाही. ‘म्हणजे लेबल चिकटवायच्या आधी सही केली?’

मी जज साहेबांकडे बघितलं. ते टायपिस्टकडे बघत होते. मी हो म्हणालो.

‘पुड्यांचं प्लास्टिक आणि चिकटपट्टी काढून वजन केलं?’ नाही. ‘सगळ्या पुड्यांतला माल एकत्र करून सॅम्पल काढलं?’ हो. ‘सील करायचा शिक्का नंतर कोणाकडे राहिला?’ पोलिसांकडेच. ‘सॅम्पल लॅबला कधी गेलं ते माहीत आहे?’ नाही. (नऊ दिवसांनी गेलं होतं, ते नंतर रेकॉर्डवर आलं.) ‘पंचनामा वाचून सही केली?’ इथे मी जे बोललो ते टायपिस्टने असं टाईप केलं: ‘मी पंचनामा अंशतः वाचला होता.’ अंशतः! हा शब्द मी आयुष्यात कधी वापरला नसेल.

आता वजनाची भानगड बघा. गांजाला एक किलोपर्यंत ‘अल्प’ प्रमाण धरतात आणि २० किलोच्या वर ‘व्यापारी’. व्यापारी म्हटलं की शिक्षा कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २०, वर कमीत कमी एक लाख दंड, आणि जामीन मिळणं महाकठीण. त्याच्या खाली आलं तर १० वर्षांपर्यंत, कमीत कमीची अट नाही. आमचं पोतं २१ किलो ४००, पण त्यात दहा पुड्यांचं प्लास्टिक आणि चिकटपट्ट्यांचे थरच्या थर. नुसता माल २० च्या वर होता की खाली? कोणालाच सांगता येईना, कारण त्या दिवशी कोणी उघडून वजन केलंच नाही, आणि मी काट्याजवळ उभा असून माझ्याही डोक्यात आलं नाही. किलो-दीड किलोवर माणसाची दहा वर्षं लटकलेली आणि मी बसचं टायमिंग बघतोय.

दोघंही सुटले. आमच्या ऑफिसात लगेच सुरू झालं, टेक्निकल ग्राउंडवर सुटले, कायद्यात पळवाटा आहेत, आपल्याकडे असंच. मी गप्प राहिलो, कारण त्या पळवाटेवर सही कोणाची होती ते मला माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर पोतं मी डोळ्यांनी बघितलेलं, वास घेतलेला. पण कोर्टात आलेलं पोतं आणि लॅबमध्ये गेलेलं सॅम्पल त्याच पोत्यातलं होतं हे मी शपथेवर सांगू शकलो असतो का? नाही. माझ्या सहीची लेबलं त्या हवालदाराला कुठल्याही पुडीवर चिकटवता आली असती. चिकटवली असं माझं म्हणणं नाही, पण आली असती की नाही?

माझा भाचा सोलापूरला वकिली करतो, त्याला नंतर धरून बसलो. तो म्हणाला, मामा, गंमत अशी की तुमच्या केसमध्ये कलम ५० वर बचाव पक्षाने एवढा जोर लावला आणि जजनी तो मुद्दा बाजूलाच ठेवला. एनडीपीएसच्या, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याच्या, कलम ५० प्रमाणे अंगझडतीच्या आधी माणसाला सांगावं लागतं की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घ्या म्हणायचा तुला हक्क आहे, नुसतं ‘न्यायचं का’ विचारून भागत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९९ ला बलदेव सिंगच्या केसमध्ये हे पक्कं केलं, आणि २०१४ ला परमानंदच्या केसमध्ये दोघांना मिळून एक नोटीस चालणार नाही असं म्हटलं. पण हे सगळं अंगाच्या झडतीला. हातातली पिशवी, पोतं, बॅग म्हणजे अंग नव्हे, हे २००५ च्या पवन कुमार निकालापासून आहे आणि २०२३ ला रंजन कुमार चड्ढाच्या केसमध्ये परत सांगितलं. तुमचा माल पोत्यात, खिशात ३४० रुपये, त्यामुळे कलम ५० कडेला. खरा घोळ सीलचा आणि सॅम्पलचा. सॅम्पल मॅजिस्ट्रेटसमोर काढायचं असं सुप्रीम कोर्टाने २०१६ लाच मोहनलालच्या केसमध्ये सांगितलेलं, तुम्ही २०१९ ला ढाब्यामागे स्टोव्हवर लाख तापवताय.

मी विचारलं, मग झडती चुकीची झाली की सगळा पुरावाच रद्द होतो का, सिनेमात दाखवतात तसं? तो हसला. म्हणाला ते अमेरिकेत, तिथे १९६१ च्या मॅप केसपासून बेकायदा झडतीतला पुरावा राज्यांच्या कोर्टातही चालत नाही. आपल्याकडे १९७३ चा पूरणमल निकाल आहे, झडतीत गडबड असली तरी पुरावा संबंधित असेल तर कोर्ट तो बघू शकतं, फक्त जास्त चिकित्सेने. एनडीपीएसचं कलम ५० हा त्यातला अपवाद. म्हणजे साध्या चोरीच्या केसमध्ये पोलिसांनी झडतीचे नियम धाब्यावर बसवले तरी सापडलेला माल आपोआप बाद होत नाही, पंच खरं बोलतो की नाही यावर तराजू हलतो. हे ऐकून मला बरं वाटलं की वाईट, अजून ठरत नाहीये. पोलिसाने नियम मोडला तर त्याचं फारसं बिघडत नाही आणि भार येऊन पडतो तो बटण तुटलेल्या क्लार्कवर, असंच ना हे?

प्रायव्हसीचं पण मी विचारलं, कारण व्हॉट्सॅपवर फिरत असतं. १९५४ ला एम. पी. शर्मा केसमध्ये आठ न्यायमूर्तींनी म्हटलं होतं की झडतीच्या अधिकाराला आडवा येईल असा प्रायव्हसीचा हक्क आपल्या घटनेत नाही. २०१७ ला पुट्टस्वामी केसमध्ये नऊ जणांनी ते म्हणणं मोडीत काढलं, प्रायव्हसी मूलभूत हक्क झाली. पण आमच्या तालुक्याच्या ठाण्यात रात्री नऊ वाजता ती कितपत पोचलीय ते मी बोलत नाही.

जप्तीचं आणखी एक, विषयांतर आहे पण राहवत नाही. पोलिस स्टेशनच्या आवारात गंजलेल्या गाड्या बघितल्यात ना, टायर बसलेले, बॉनेटवर वेल चढलेला? त्या अशा सडवू नका, फोटो-पंचनामा करून, बॉण्ड घेऊन मालकाला लवकर परत द्या असं सुप्रीम कोर्टाने २००२ लाच सुंदरभाई देसाई केसमध्ये सांगून ठेवलंय. आमच्या ठाण्यातल्या एका जीपमध्ये आता कोंबडी अंडी घालते.

मागच्या वर्षी परत पत्र आलं. ऑफिस दुसरं, साहेब दुसरे, नजर तशीच फिरली आणि तशीच थांबली. यावेळी शेतातल्या मोटारींची केबल चोरून तांबं विकणाऱ्यांची केस, एका भंगारवाल्याच्या गोडाऊनची झडती. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झालाय, फौजदारी प्रक्रियेची जुनी सीआरपीसी जाऊन बीएनएसएस आली, तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करावं लागतं, मोबाईलवर चालतं, आणि ते उशीर न करता मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. पोलिसांकडे त्यासाठी ई-साक्ष्य ॲप आहे. एक तरुण महिला पीएसआय होत्या, त्या बोलत बोलत शूट करत होत्या, ‘हे पंच क्रमांक एक’ म्हणून कॅमेरा माझ्याकडे वळवला तेव्हा मी नकळत केस सारखे केले. गोडाऊनमध्ये रेंज नाही, त्यामुळे अपलोड रस्त्यावर येऊन करायचं ठरलं.

जळक्या केबलच्या तांब्याची भेंडोळी निघाली. यावेळी मी सांगितलं, पोत्यातून काढून वजन करा आणि रिकाम्या पोत्याचं वेगळं. हवालदाराने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याच्या जमिनीची मोजणी मागितलीय. पण मॅडम म्हणाल्या करा. रिकामं पोतं भरलं साडेआठशे ग्रॅम.

मग लेबलं आली, कोरी, पेनसकट. म्हटलं आधी चिकटवा. तो म्हणाला अहो भाऊ, अंधार पडेल. म्हटलं पडू दे. चिकटवली, लाख लावली, आणि मी सही अशी केली की अर्धी लेबलावर आणि अर्धी पोत्यावर. पंचनामा पाच पानी, मोबाईलच्या टॉर्चमध्ये सगळा वाचला, एका जागी तांब्याचं वजन चुकीचं होतं ते दुरुस्त करून तिथे पण सही केली. भंगारवाल्याला जप्तीच्या यादीची कॉपी द्यायची असते, ती दिली का विचारलं, तर तोच म्हणाला, साहेब मिळाली, जावा आता तुम्ही घरी.

बस चुकली. मॅडमनी जीपने चौकापर्यंत सोडलं. घरी येऊन जेवायच्या आधी वहीत सगळं लिहून काढलं, वेळ, जागा, कोण कुठे उभं होतं, पोत्याचं वजन, लाखेचा रंग. बायको म्हणाली एवढं काय लिहिताय, परीक्षा आहे का. समन्स अजून आलेलं नाही. वही कपाटात आहे, रेशनकार्डाच्या खाली.