आळंदी ते पंढरपूर: संध्याकाळी वाजत राहणारा टाळ

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचं प्रस्थान होतं आणि आषाढ शुद्ध दशमीला पालखी पंढरपुरात पोचते. मधली वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. हा आकडा घोकत निघालेला माणूस दिवे घाटातच खचतो. पायांना एवढं मोठं अंतर समजत नाही, त्यांना आजचा मुक्काम तेवढा समजतो. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी ही नावं क्रमाने पाठ करावीत. मनाशी काही ठरवून चालणाऱ्यासाठी याहून चांगली उजळणी माझ्या पाहण्यात नाही.

हे वर्णन पहिल्यांदा वारी चालणाऱ्यांसाठी आहे, त्यातही ज्यांना या वाटेवर स्वतःकडे नीट बघायचं आहे त्यांच्यासाठी. त्यासाठी आधी पाय सांभाळावे लागतात. टाच सोललेली असेल तर माणूस दिवसभर टाचेचाच विचार करतो.

तयारी निदान आठ आठवडे आधी सुरू व्हावी. आठवड्यातून पाच दिवस पाच-सहा किलोमीटर चालावं आणि रविवारी अंतर वाढवत वीसपर्यंत न्यावं. खरी परीक्षा लागोपाठच्या दोन दिवसांची असते. शनिवारी वीस आणि रविवारी पुन्हा वीस किलोमीटर चालल्यावर सोमवारी सकाळी जिना उतरताना गुडघे काय म्हणतात ते ऐकावं. एकाच दिवसाच्या सरावावर विसंबलेले लोक सासवडला आडवे होतात. चालण्याइतकीच उभं राहण्याचीही सवय करावी. दिंडी, म्हणजे वारकऱ्यांचा एकत्र चालणारा गट, सरळ चालत नाही, पुढे पालखीचा रथ थांबला की मागची सगळी ओळ थांबते आणि अशा थांबण्यात पोटऱ्या भरून येतात. थांबलं की जागच्या जागी टाचा उचलत राहावं.

एकट्याने निघण्यापेक्षा दिंडीत नाव नोंदवलेलं बरं. दिंडीची भिशी, म्हणजे जेवणाखाण्याची आणि ट्रकची वर्गणी, आधीच भरायची असते आणि ती दिंडीगणिक वेगळी असते. नोंदवताना तीन गोष्टी विचाराव्यात: दिंडी रथापुढची की रथामागची, तिचा क्रमांक कितवा आणि सामानाच्या ट्रकचा नंबर काय. रथापुढे सत्तावीस दिंड्या चालतात, बाकीच्या रथामागे. ही माहिती कागदावर लिहून खिशात ठेवावी, कारण गर्दीत फोन लागत नाही. मागे पडलात, तुमची दिंडी रथापुढची आहे आणि रथ तुमच्या पुढे निघून गेलाय, तर रस्त्याच्या कडेला वाट बघण्यात अर्थ नाही. दिंडी आता मागून येणार नाही. सरळ दुपारच्या विसाव्याचं किंवा मुक्कामाचं गाव गाठावं आणि ट्रक शोधावा.

ट्रकमध्ये टाकायची पिशवी आठ किलोच्या आत बसवावी, कारण पहाटे ती तुम्हालाच उचलून द्यायची असते. दोन-तीन कपड्यांचे जोड, पातळ सतरंजी, चादर, सहा फूट बाय चार फूट प्लास्टिकचा कागद, विजेरी, पंचा. पिशवीवर दोन्ही बाजूंनी ठळक नाव आणि ओळखीसाठी रंगीत कापड बांधावं, कारण ट्रकमधल्या निम्म्या पिशव्या एकाच रंगाच्या असतात. पाठीवर मात्र तीन किलोपेक्षा जास्त नको: पाणी, पावसाचं इरलं किंवा रेनकोट, औषधं, मूठभर शेंगदाणे-गूळ आणि एक वही.

चपलांबद्दल माझं मत ठाम आहे. नवे बूट घेऊन वारीला येऊ नये. निदान दीडशे किलोमीटर चाललेले, अर्धा नंबर मोठे बूट किंवा मागे पट्टा असलेले सँडल आणावेत, कारण दुपारनंतर पाय सुजतात. फोड का येतो हे समजलं की तो टाळता येतो. घामाने किंवा पावसाने कातडी ओली होऊन मऊ पडते, मग मोजा तिच्यावर घासत राहतो. जाड सुती मोजे ओल धरून ठेवतात, म्हणून पातळ, लवकर वाळणारे मोजे तीन जोड ठेवावेत आणि दुपारी बदलावेत. सकाळी बोटांच्या बेचक्यांत आणि मांड्यांना व्हॅसलीन किंवा खोबरेल लावावं. टाचेवर एका जागी गरम लागायला लागलं की पुढच्या झाडापर्यंत चालू असं म्हणू नये. तिथेच बसावं, पाय पुसून कोरडा करावा आणि त्या जागी कागदी चिकटपट्टी लावावी. या दोन मिनिटांनी पुढचे चार दिवस वाचतात.

एवढं करूनही फोड आलाच आणि तो लहान असला तर फोडू नये. मोठा, टम्म फुगलेला असला तर साबणाने धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी काढावं आणि वरची कातडी तशीच राहू द्यावी, तीच जखमेचं झाकण आहे. सुईने दोरा ओवून तो आतच ठेवायची जुनी रीत अजून चालते, पण त्या दोऱ्यावाटे घाण आत जाते. मधुमेह असलेल्यांनी स्वतः काहीही न करता वाटेवरचं आरोग्य पथक गाठावं.

आळंदीहून पुणे सुमारे एकोणतीस किलोमीटर, बहुतेक शहरातून. पुण्यात दोन रात्री मुक्काम. मग येतो पुणे ते सासवड हा बत्तीस किलोमीटरचा टप्पा. वाटेतला सगळ्यात लांब दिवस, त्यात दिवे घाटाची चढण आणि बहुधा त्याच दिवशी ज्येष्ठातली एकादशी. घाटात रथाला जादा बैलजोड्या जोडतात. उपास करणाऱ्यांना इथे चक्कर येते, कारण सकाळी चहावर निघून दुपारी एकदम साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली जाते. त्याऐवजी दर तासाला थोडं खावं: केळं, शेंगदाणे, राजगिऱ्याची वडी. ओआरएसची पुडी ज्या मापाची असेल तेवढ्याच पाण्यात घालावी. एका लिटरची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत घातली तर द्रावण जास्त तीव्र होतं आणि पोट आणखी बिघडतं. वाटेवर अन्नदान करणारी गावं आग्रहाने खाऊ घालतात आणि त्या हातांना नाही म्हणणं जड जातं. तरी उघड्यावर चिरलेली फळं आणि बर्फाचं सरबत नम्रपणे नाकारावं. शक्यतो दिंडीत शिजलेलं गरम अन्नच खावं.

पहाटेचं सांगायला हवं, कारण ते कोणी सांगत नाही. अंघोळ टँकरच्या नळाखाली, अंधारात. बायका अडीच-तीनलाच उठतात, कारण आडोसा आणि कमी गर्दी तेव्हाच मिळते. चार-पाचला राहुट्या उतरतात, सामान ट्रकवर चढतं आणि साधारण सहाला पालखी हलते. म्हणजे रात्री नऊला झोपलं नाही तर तिसऱ्या दिवशी चिडचिड सुरू होते. ती चिडचिड भक्ती कमी असल्याची खूण नव्हे, ती झोपेची थकबाकी असते.

चालताना दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये मृदंग, विणेकरी, मागे तुळस घेतलेल्या माउली. सकाळपासून अभंगांचा क्रम ठरलेला असतो: भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगुळे, गौळणी आणि मुक्कामाच्या आसपास हरिपाठ. पहिले दोन दिवस हे सगळं कानांवरून जातं. जेजुरीत भंडाऱ्याने पिवळं होताना, नीरा नदीत माउलींच्या पादुकांचं स्नान पाहताना, लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण, म्हणजे रस्त्यावर दुतर्फा उभ्या वारकऱ्यांमधून अश्वांची दौड, बघताना डोळे फक्त नवं टिपत असतात. मनाचं काम सुरू होतं ते फलटणच्या पुढे. बरड, नातेपुते, माळशिरस हे अठरा-एकवीस किलोमीटरचे सपाट दिवस. बघण्यासारखं कमी, पाय सरावलेले, फोन पिशवीत. आता टाळाच्या ठेक्यावर पावलं आपोआप पडतात आणि घरी कधी वेळ न दिलेला विचार अचानक शेजारी येऊन चालू लागतो. दोन-तीन दिवसांचीच सुटी असेल तर बहुतेक लोक पुणे–सासवड निवडतात. मी फलटण ते नातेपुते सुचवीन.

पण विचार आला म्हणून तो सुटतोच असं नाही. तो सोडवायची एक रीत वारीतच आहे आणि मला ती या सगळ्या वाटेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. उघड्या माळावरच्या मुक्कामी पालखी तळावर आली की दिंड्या गोल उभ्या राहतात. शेकडो दिंड्यांचे टाळ एकदम वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग सोहळ्याची शिस्त राखणारा चोपदार दंड उंचावून पुकारा करतो आणि तो सगळा कल्लोळ क्षणात थांबतो. एवढ्या मोठ्या जमावात पताकांची फडफड ऐकू येते. या शांततेत एखाद्या दिंडीचा टाळ वाजतच राहिला तर त्याचा अर्थ ठरलेला आहे: त्या दिंडीची काही तक्रार आहे. पाणी मिळालं नाही, जागा मिळाली नाही, कोणी क्रम मोडला. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो आणि तक्रारीचा निवाडा होतो. मग दिवसभरात हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. त्यानंतर समाज आरती, म्हणजे सगळ्यांची एकत्र आरती. तक्रार दाबून आरती होत नाही आणि तक्रारीसाठी आरती टळतही नाही.

पालखी सोहळ्याला ही लष्करी घडी दिली हैबतबाबा आरफळकरांनी. ते मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. त्यांनी 1832 मध्ये हा सोहळा आजच्या रूपात सुरू केला असं मानलं जातं. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व, दिंड्यांचे क्रम, चोपदारांचा अधिकार, सगळं त्या घडीतलं. आळंदीच्या देवळात शिरताना लागणारी पायरी त्यांच्या नावाची आहे.

वहीचा उपयोग मी याच रीतीवर बेतायला सांगतो. आळंदीत निघताना पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहावा. नोकरी सोडावी का, भावाशी पुन्हा बोलावं का, व्यसनाचं काय करायचं, जे असेल ते. पाच-सात संकल्प एकदम केले की एकही वाखरीपर्यंत टिकत नाही. रोज मुक्कामी पोचल्यावर, हरिपाठाच्या आधी, तीन ओळी लिहाव्यात: आज मनात कोणता टाळ वाजत राहिला, काय हरवलं, काय सापडलं. रात्रीवर टाकू नये, जेवल्यावर डोळे मिटतात आणि राहुटीत दिवा नसतो. पेनाऐवजी पेन्सिल घ्यावी, पावसात शाई फुटते. वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. लिहिलेलं वाटेत परत वाचू नये. वाचलं की माणूस पुढच्या ओळी शोभून दिसतील अशा लिहायला लागतो.

सोलापूर जिल्ह्यात शिरलं की गोल रिंगणं सुरू होतात: सदाशिवनगरजवळ, खुडूस फाट्यावर, ठाकूरबुवांच्या समाधीजवळ, बाजीराव विहिरीपाशी. मधल्या मोकळ्या वाटेवरून पुढे स्वाराचा अश्व आणि मागे स्वार नसलेला माउलींचा अश्व दौडतात. तो गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. इथेच चेंगराचेंगरीची भीती असते. आतल्या कड्यातली जागा सोडून द्यावी, लहान मूल किंवा वयस्कर माणूस सोबत असेल तर दोरीपासून पंचवीस-तीस पावलं मागे थांबावं. वेळापूरच्या अलीकडे उतारावर धावा होतो, सगळे पळत सुटतात. गुडघे दुखत असतील तर कडेने चालत यावं, उतारावरची धाव चढणीपेक्षा गुडघ्यांना वाईट. आणि वाटेत कुणीही, कितीही मोठ्या वयाचा, वाकून तुमच्या पाया पडला तर मागे सरू नये. त्याच्याही पाया पडावं आणि ‘माउली’ म्हणावं. एरवी पदवी आणि पगारावरून माणसं मोजणाऱ्याला हे पहिल्या दिवशी अवघड जातं. माळशिरसपर्यंत हात आपोआप खाली जातात.

वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात आणि तिथून पंढरपूर पाच-सहा किलोमीटर. आषाढीच्या दर्शनाची रांग कित्येक तासांची असते, म्हणून बरेच जुने वारकरी चंद्रभागेत स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरी आणि कळसाचं दर्शन करून समाधान मानतात. हे आधीच ठरवून ठेवावं. रांगेत शिरल्यावर ठरवता येत नाही.

बहुतेक जण एकादशीनंतर एसटी पकडतात. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की पादुका त्याच वाटेने पायीच आळंदीला निघतात. या परतीच्या वारीला फार थोडी माणसं असतात. जाताना सतरा-अठरा दिवसांत कापलेलं अंतर साधारण दहा दिवसांत कापायचं असतं, म्हणून पहाट आणखी लवकर होते आणि टप्पे लांब पडतात. अन्नदानाचे मांडव उठलेले, टँकर कमी. पाणी दोन लिटर जवळ ठेवावं आणि जेवणाची सोय दिंडीकडे आधी विचारून घ्यावी. वही परत वाचायची ती इथे, पहिल्या पानापासून, रोज त्या-त्या गावी पोचल्यावर.