आमची वाटचाल: आधी काम विचारायचं, मग कोटेशन

आमच्या धंद्याची सुरुवात कॉम्प्युटर दुरुस्तीतून झाली. बंद पडलेले एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा), फुगलेले कपॅसिटर, धुळीने गच्च भरलेले पंखे. नवा कॉम्प्युटर जोडून देणं हा तेव्हा जोडधंदा होता आणि त्यात फारसं डोकं लागायचं नाही. प्रोसेसर ठरला की बाकीचे भाग मागोमाग ठरायचे. इंटेलच्या साध्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये चार कोरच्या (आतल्या काम करणाऱ्या भागांच्या) वर काही मिळतच नसे. आय-फाइव्ह घ्यायचा की आय-सेव्हन, एवढ्यावर सौदा आटपायचा.

मार्च २०१७ मध्ये एएमडीचे पहिले रायझन आले आणि हे सोपं गणित मोडलं. साध्या बोर्डावर बसणारे आठ कोर, सोळा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). रेंडर (थ्रीडी सीनचं अंतिम चित्र बनवणं) लावून तासन्‌तास वाट पाहणाऱ्यांच्या दृष्टीने हे फारच मोठं काम झालं. पण गेम खेळणाऱ्यांसाठी इंटेलचा चार कोरवाला ७७००के तेव्हाही बऱ्याच गेममध्ये पुढेच होता. एकाच बजेटमध्ये दोन प्रोसेसर समोर, आणि कुठला चांगला हे विचारलं तर दोन उत्तरं. तेव्हापासून आम्ही कोटेशनच्या कागदावर सगळ्यात वर तीन शब्द छापले: रेंडर, एडिट, गेम. यांचा क्रम लावल्याशिवाय खालचा तक्ता भरायचा नाही, असा नियम केला. आज आमचं जे काही नाव आहे ते या नियमामुळे आहे, आणि सुरुवातीला जे ग्राहक वैतागून निघून गेले तेही याच नियमामुळे.

कारण येणारा प्रत्येक जण म्हणतो, "तिन्ही करायचंय." करता येतंच. पण बजेट बेताचं असतं तेव्हा तिन्ही कामं पैशाला तीन दिशांना ओढतात. एका कामासाठी घेतलेली उत्तम वस्तू दुसऱ्या कामात निम्मी वाया जाते.

रेंडरचं उदाहरण घ्या. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं सायकल्स हे रेंडर इंजिन ग्राफिक कार्डावर चालवायचं तर सीनमधली भूमिती, टेक्श्चर सगळं कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावावं लागतं. मावलं नाही तर रेंडर रखडतो, नाहीतर मेमरी संपल्याचा संदेश देऊन थांबतो. एनव्हिडियाची आरटीएक्स ३०६० आणि ३०६० टीआय ही दोन कार्डं बाजारात होती तेव्हा यावरून आमच्या काउंटरवर रोज वाद व्हायचे. टीआय जास्त वेगवान, पण तिच्यावर मेमरी ८ जीबी. साध्या ३०६० वर १२ जीबी. गेमसाठी टीआय घ्या, इंटिरियरचे जड सीन रेंडर करायचे असतील तर साधी घ्या, असं आम्ही सांगायचो. स्वस्त कार्ड गळ्यात मारतोय अशा संशयाने लोक बघायचे. दुकानदार स्वतःहून स्वस्त वस्तू सुचवतो म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणार, हा समज घालवायला आम्हाला बराच वेळ लागला.

सॉफ्टवेअरही आपली बाजू बदलतं, हे लक्षात ठेवावं लागतं. डिसेंबर २०२१ मध्ये ब्लेंडर ३.० आलं आणि सायकल्समधला ओपनसीएलचा, म्हणजे एएमडीची रेडिऑन कार्डं ज्यावर चालायची त्या तंत्राचा, आधार गेला. रेडिऑनसाठी त्याऐवजी एचआयपी आलं, पण ते नव्या पिढ्यांच्या कार्डांपुरतं. आरएक्स ५८० हे जुन्या बाजारातलं गेमसाठी भरवशाचं कार्ड, पण सायकल्सच्या नव्या आवृत्त्यांमध्ये त्याचा काही उपयोग उरला नाही. हार्डवेअरमध्ये काहीच बिघडलं नव्हतं, तरी रेंडरवाल्यांसाठी ते कार्ड बाद झालं.

एडिटिंगमध्ये तर लोक सर्रास चुकीच्या भागावर पैसे ओततात. टाइमलाइन (व्हिडिओ कापायची पट्टी) अडकतेय, मोठं ग्राफिक कार्ड टाकून द्या, ही मागणी आम्ही सगळ्यात जास्त ऐकतो. त्यावर आम्ही विचारतो की कॅमेरा कोणता आणि फाइल कुठल्या फॉरमॅटची? अलीकडचे कॅमेरे एचईव्हीसी या दाबून साठवायच्या फॉरमॅटमध्ये १० बिट, ४:२:२ असं जास्त रंगमाहितीचं चित्रीकरण करतात. हे उलगडणारं हार्डवेअर इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंतर्गत ग्राफिक्समध्ये आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ते थेट २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत आलं. म्हणजे त्याआधीचं कितीही महाग आरटीएक्स लावलं तरी अशी फाइल उलगडायचं ओझं प्रोसेसरच्या कोरवरच पडणार. यात आणखी एक खाच आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतं त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसतात. थोडे पैसे वाचतात म्हणून 'एफ' घेतला की क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ उलगडणारं तेच हार्डवेअर, गेलं, आणि टाइमलाइन अडकतेच आहे. एडिटिंग पहिल्या क्रमावर असेल तर आम्ही 'एफ' देत नाही, ग्राहकाने आग्रह धरला तरी. आणि ज्यांच्याकडे मशीन आधीच आहे त्यांना आम्ही प्रॉक्सी, म्हणजे मूळ व्हिडिओच्या हलक्या प्रती, बनवायला शिकवतो. फुकटातलं काम आहे. हलक्या फाइलवर कापाकापी करायची आणि शेवटी मूळ फाइलवरून एक्स्पोर्ट करायचं. असं शिकवून घरी पाठवलेले लोक पुढे सगळ्यात जास्त ग्राहक घेऊन आले.

गेमबद्दल थोडक्यात. १०८०पी मॉनिटरवर जास्त फ्रेम हव्या असतील तर प्रोसेसर आडवा येतो, ४के वर ग्राफिक कार्ड. २०२२ चा रायझन ५८००एक्स-थ्रीडी ९६ एमबी कॅशच्या (प्रोसेसरमधल्या वेगवान मेमरीच्या) जोरावर गेममध्ये ५८००एक्सच्या बराच पुढे गेला. कोर तितकेच, आठ. पण घड्याळ (कोरचा वेग) थोडं मंद असल्यामुळे प्रोसेसरवरच्या रेंडरमध्ये तो किंचित मागेच पडला. पुन्हा तेच, क्रम लावा.

२०२० च्या अखेरीपासून पुढचा काळ कठीण गेला. ग्राफिक कार्डं मिळेनाशी झाली. चिपचा तुटवडा होता आणि जी कार्डं यायची ती कार्डांवर इथेरियम हे डिजिटल चलन काढणारे (मायनिंग करणारे) उचलायचे. त्या काळात आम्ही पुष्कळ लोकांना रायझन ५६००जी लावून दिला. अंतर्गत ग्राफिक्सवर सध्या काम चालवा, कार्ड मागाहून बसवू. हे सांगताना त्याच्या दोन मर्यादाही लिहून द्यायचो. एल-थ्री कॅश १६ एमबी, म्हणजे ५६००एक्सच्या निम्मी, आणि कार्डाला प्रोसेसरशी जोडणारी पीसीआय एक्स्प्रेस तिसऱ्या पिढीची. ही दुसरी मर्यादा जानेवारी २०२२ मध्ये आरएक्स ६५००एक्सटी आलं तेव्हा नडली. स्वस्त आणि मिळणारं कार्ड म्हणून सगळे त्यावर तुटून पडले. पण त्याला मेमरी ४ जीबी आणि त्या जोडणीच्या लेन फक्त चार. चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते कसंबसं निभावतं, तिसऱ्या पिढीवर मेमरी भरली की फ्रेम धपकन पडतात. वर त्यात व्हिडिओ एन्कोडर (एक्स्पोर्ट करताना व्हिडिओ दाबणारं हार्डवेअर) नाहीच. ५६००जीच्या जोडीला हे कार्ड म्हणजे आमच्या एडिटिंगवाल्या ग्राहकांचं दुहेरी नुकसान होतं. ते आम्ही त्यांना विकलं नाही. त्या महिन्यांत गल्ला रिकामा असताना विकायचा मोह व्हायचा, हेही खरं.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धत सोडली आणि वापरलेल्या कार्डांचा बाजारात महापूर आला. आमच्या धंद्याला नवी शाखा फुटली ती इथे. जुनं कार्ड तपासून देणं. पंख्याचे बेअरिंग, थर्मल पॅड, मेमरीचं तापमान, मग कॅबिनेट बंद करून सलग लांबलचक रेंडर. पाच मिनिटांच्या बेंचमार्कमध्ये पास होणारी कार्डं तासाभराने चित्रावर ठिपके आणायला लागतात, हे त्या तपासण्यांतून दिसलं. पुढे नव्या मशीनलाही आम्ही तीच कसोटी लावली. प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर एकदम भार टाकायचा. गेममध्ये दोन्ही क्वचितच एकाच वेळी पूर्ण तापतात, त्यामुळे एसएमपीएसची दमछाक तिथे कळत नाही.

एसएमपीएसवर मी एक वेगळा लेख लिहू शकेन. कॅबिनेटच्या काचेतून तो दिसत नाही, म्हणून काटछाट तिथेच होते. दिव्यांचे पंखे हवेत, एसएमपीएस मात्र "कुठलाही चालेल". लेबलवरचा मोठा आकडा पाहू नका. १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि १२ ने गुणा, म्हणजे वॉट कळतात. प्रोसेसर आणि कार्ड प्रामुख्याने त्याच ओळीवर जगतात. ३०६० एकटी १७० वॉट घेते. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, आतले कपॅसिटर किती टिकतील ते सांगत नाही.

रॅमच्या बाबतीत आमचा हट्ट एवढाच की १६ जीबीची एक पट्टी नको, ८ च्या दोन घ्या, आणि चार खाचांच्या बोर्डावर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम लेबलवरच्या वेगाने चालवायची सोय, चालू करायचं विसरलेली कितीतरी मशीन दुरुस्तीला येतात. त्यांना "दुरुस्त" करायला दोन मिनिटं लागतात आणि आम्ही त्याचे पैसे घेत नाही.

आता आमच्याकडे नव्या मशीनइतकीच जुन्या मशीनची वाढ करून द्यायची कामं असतात. याचं बरंचसं श्रेय एएम-फोर सॉकेटला, म्हणजे बोर्डावरच्या रायझन बसवायच्या जागेला. २०१८ च्या बी४५० बोर्डावर बायोस अपडेट करून २०२४ चा ५७००एक्स-थ्रीडी बसतो. आठ वर्षं त्याच कॅबिनेटवर काढणारे ग्राहक आहेत. पहिल्या वेळी सहा कोर, मग कार्ड, मग रॅम. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले तेव्हा डीडीआर-फाइव्ह या नव्या पिढीच्या रॅमवर उडी मारायला निघालेल्या अनेकांना आम्ही थांबवलं आणि आहे त्याच डीडीआर-फोरवर नुसता प्रोसेसर बदलून दिला. आमचं बिल छोटं झालं. तो हिशेब आम्हाला परवडतो, कारण तो माणूस पुढचं कार्डही आमच्याकडूनच नेतो.

कोटेशनसाठी येणार असाल तर यूट्यूबवरची भागांची यादी आणू नका. तुमची एक खरी प्रोजेक्ट फाइल पेन ड्राइव्हवर आणा, सगळ्यात जास्त अडकणारी. ती तुमच्यासमोर आमच्या टेस्ट बेंचवर चालवू, प्रोसेसर, मेमरी आणि कार्ड यांतलं कोण आधी भरतंय ते पाहू, आणि मग तक्ता भरायला घेऊ.